नागपूर की वर्धा? सामान बांधण्याआधी या चुका टाळा

नागपूर आणि वर्ध्याच्या मधल्या बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी लागली, की घरात पहिला वाद हाच: राहायचं नागपुरात की वर्ध्याला? आम्ही भाड्याचा आकडा पाहून वर्धा घेतलं आणि नऊ महिन्यांत सामान पुन्हा टेम्पोत चढवलं. वर्धा वाईट म्हणून नाही. आम्ही हिशेबच चुकीचा केला होता.

अंतर नकाशावर मोजणं

नागपूर ते वर्धा साधारण 75 किलोमीटर, गाडीने तास-सव्वा तास. हे बरोबरच आहे, पण फक्त कागदावर. रेल्वेने जायचं तर नागपूर ते सेवाग्राम (वर्ध्याला लागूनचं स्टेशन) या एकाच पट्ट्यावरून हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या धावतात. वर मालगाड्या आहेतच. मोठी गाडी मागून आली, की पॅसेंजर बाजूला उभी. नागपूरला काही काम निघालं, की अजनीच्या अलीकडे सिग्नलवर मी कितीदा खोळंबलो असेन! समोर स्टेशनचे दिवे दिसताहेत, डब्यातला पंखा बंद, शेजारच्या काकूंच्या पिशवीतली संत्री निम्मी संपलेली, आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून वेळ मोजायचा तो घराच्या कुलपापासून कंपनीच्या गेटपर्यंत, आणि तोही आठवडाभर, आपल्याच शिफ्टला. रविवारी चारचाकीने चक्कर मारून काहीच कळत नाही.

इथेच आणखी एक घोळ होतो. वर्ध्याला एकमेकांजवळ दोन स्टेशनं आहेत, वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम (पूर्वीचं वर्धा पूर्व). बल्लारशाकडच्या गाड्या सेवाग्रामहून वळतात, जंक्शनला जातच नाहीत. कुठल्या स्टेशनजवळ घर घेताय ते आधी ठरवा. बहुतेक एक्स्प्रेस बुटीबोरीला थांबत नाहीत आणि मासिक पास आरक्षित डब्यात साधारणपणे चालत नाही, हे दोन्ही पास काढण्यापूर्वी समजून घ्या.

"समृद्धी आहे ना!"

आहे, पण समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही. बाइकवाल्याला केळझर-सेलूचा जुनाच रस्ता, पावसाळ्यात अंधारातसुद्धा. चारचाकी असेल तर टोल महिन्याच्या खर्चात धरा. भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातात.

दिवाळीत घर पाहून मे महिन्यात राहायला जाणं

ही चूक दोन्ही शहरांत सारखीच महाग पडते. आम्ही वरच्या मजल्यावरचं हवेशीर घर पाहून खूश झालो होतो, नोव्हेंबरात. मे महिन्यात रात्री दहाला भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. कूलर लावावा म्हटलं, तर खिडकीला बाहेरून स्टँड बसवायला जागाच नव्हती. शेवटी तो दारात ठेवला आणि सगळे त्याला वळसा घालून ये-जा करू लागले. विदर्भात घर पाहताना ओट्याआधी कूलरची खिडकी पाहा. पाणी किती वेळ येतं, हे घरमालकापेक्षा खालच्या किराणावाल्याला विचारा. कूलरही पाणी पितो बाप्पा, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर कोण बोलावतो आणि पैसे कोण देतो, तेही विचारून ठेवा.

दवाखाने फक्त नागपुरात, हा समज

मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, सगळं नागपुरात हे खरं. पण सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी मेघेचं रुग्णालय वर्ध्याला लागूनच आहे. आईच्या गुडघ्यासाठी आम्ही उगाच नागपूरच्या खेपा घातल्या. उलट मुलगा क्लासच्या वयाचा असेल, तर नागपूरकडे पारडं झुकतं.

भाड्याने न राहता थेट प्लॉट घेणं

वर्धा रोडवर प्लॉटच्या पाट्यांना तोटा नाही. बयाण्याआधी सातबारा, जमीन बिगरशेती (एनए) आहे का ते आणि नकाशा मंजुरी पाहा. नागपुरात गुंठेवारीच्या (मंजुरीशिवाय तुकडे पाडलेल्या) लेआउटमधला प्लॉट असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, मागा. "होऊन जाईल भाऊ" असं ऐकलं की उठा.

आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. हे काहींना नागपूर सोडायला पुरेसं कारण वाटतं, काहींना न सोडायला. घरात एकदा विचारून घ्या.

आम्ही आता नागपुरात खापरीजवळ राहतो. भाडं जास्त आहे, पण सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजून मग निघता येतं.