उबुंटू 24.04 आणि भरलेलं बूट पार्टिशन

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या 22.04 वरून 24.04 वर जायला मी 24.04.1, म्हणजे तिची पहिली सुधारित आवृत्ती, येईपर्यंत मुद्दाम थांबलो. घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि अपग्रेड सुरू केलं. थोड्याच वेळात काम अडलं: बूटमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइली जिथे असतात तिथे, पुरेशी जागा नाही.

माझी डिस्क एन्क्रिप्टेड आहे, त्यामुळे बूटचं पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं, जेमतेम 500 एमबीचं. आत पाहिलं तर चार कर्नल (सिस्टिमचा गाभा, जुन्या-नव्या आवृत्त्या), आणि प्रत्येकाची सुरू होताना लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल शंभर एमबीच्या आसपास. मग जागा उरणार कुठून?

आधी 'युनेम' या कमांडने चालू कर्नल कोणता ते पाहून घ्या. त्याला हात लावायचा नाही. मग एपीटी या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाची, नको असलेली पॅकेजेस काढणारी 'एपीटी ऑटोरिमूव्ह' कमांड पर्जसकट (सेटिंगच्या फाइलीही पुसून) चालवली. एक जुना कर्नल तरीही राहिला, तो पॅकेजचं नाव देऊन काढला. बूटमधल्या फाइली थेट डिलीट करू नका, कळकळीने सांगतो. एपीटीचा हिशेब बिघडतो आणि दुरुस्ती लांबते.

दुसऱ्या खेपेला अपग्रेड सुरळीत झालं. बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेले सॉफ्टवेअरचे स्रोत) अपग्रेडमध्ये बंद होतात, ते एकेक तपासून चालू केले. मराठी कळफलक मात्र जसाच्या तसा होता. पहिली ओळ टाइप करताना खूप बरं वाटलं.