उंची, छाती, वजन : भरतीच्या मापात या चुका टाळा

"सर, माझी हाईट पाच सहा आहे. आर्मीला बसतो ना?"

मैदानावर नवीन आलेला पोरगा हमखास हा प्रश्न विचारतो. मी हो-नाही काहीच म्हणत नाही, मोबाइल काढून गुणाकार करायला सांगतो. पाच फूट सहा इंच म्हणजे ६६ इंच. ६६ गुणिले २.५४ केलं की येतात १६७.६४ सेंटिमीटर. अग्निवीर जनरल ड्युटीला महाराष्ट्रातल्या उमेदवाराला लागतात १६८. साडेतीन मिलिमीटरने पोरगा बाहेर, आणि तेही वर्षभर पहाटे चारला उठून पळाल्यावर.

मुलींचंही तसंच. पोलीस शिपाई भरतीत महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. 'पाच एक' म्हणजे १५४.९४. घरचे सगळे म्हणत असतात बसतेस, बसतेस, आणि खरं तर ती केसभर कमी असते. पुरुषांना पोलीस शिपायाला १६५ लागतात आणि 'पाच पाच' म्हणजे १६५.१. इथे गणित बाजूने आहे, पण हातात शिल्लक जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून फूट-इंच विसरा. भरतीचा फॉर्म, मैदानावरची पट्टी, मेडिकलचा कागद, सगळीकडे सेंटिमीटरच असतात.

दुसरी चूक मोजण्यातली. कुणी शाळेच्या दाखल्याच्या वेळची उंची सांगतो, कुणी शिंप्याच्या टेपने मोजून घेतो. कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते, तिचा भरवसा नाही. सुताराची स्टीलची टेप आणि गुण्या (काटकोनी पट्टी) आणा. भिंतीला खाली पाटी-बिटी नसेल अशी जागा बघा, फरशी सपाट हवी. अनवाणी उभं राहायचं. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला. गुण्याची एक बाजू भिंतीला घट्ट आणि दुसरी डोक्यावर, केस दाबून. खूण दुसऱ्याने करायची, स्वतःची स्वतः करायला गेलात की मान हलतेच. तीन वेळा मोजा आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा धरा.

उभं राहण्यात तर निम्मी पोरं मार खातात. उंच दिसावं म्हणून हनुवटी वर करतात. हनुवटी वर गेली की डोक्याचा मागचा भाग खाली जातो आणि उंची वाढायच्या ऐवजी कमी भरते. नजर समोर ठेवायची. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. गुडघे सरळ, पोट आत, श्वास घेऊन मान वरच्या दिशेने ताणायची. टाचा मात्र जमिनीला चिकटलेल्या. ही नुसती ऐकायची गोष्ट नाही, आरशासमोर रोज पाच मिनिटं सराव करायची आहे. पोक काढून बसणाऱ्या, दिवसभर मोबाइलमध्ये मान घातलेल्या पोराला ताठ उभं राहणंही शिकावंच लागतं. मुलींनी अंबाडा, क्लिपा, उंच बांधलेली वेणी हे सगळं मोजणीआधी सोडून ठेवावं.

आता वेळेचा मुद्दा. सकाळची आणि संध्याकाळची उंची सारखी नसते. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर झोपेत पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर अंगाच्या भाराने दबतात. साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि त्यातला बराचसा उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच जातो. आता आमची पोरं काय करतात? आदल्या रात्री एसटीत किंवा पॅसेंजरला उभ्याने प्रवास, पाठीवर सॅक, पहाटे मैदानाबाहेर रांगेत तीन तास ताटकळत, वर वॉर्मअप म्हणून दोन राउंड. मग पट्टीखाली गेल्यावर १६५ ची १६४.५ होते. ज्याची उंची काठावर आहे त्याने एक दिवस आधी पोचावं, धर्मशाळेत, नातेवाइकाकडे, कुठेही, पण आडवं होऊन झोपावं. रांगेतही सॅक खाली ठेवा आणि जमेल तेव्हा पाठ टेकून पडा, लोक हसले तरी हसू द्या. पळायचा वॉर्मअप मोजणी झाल्यावर करा. पोलीस भरतीत उंची-छातीत बसल्याशिवाय तुम्हाला पळायला कुणी सोडणारच नाही.

लोंबकळण्याबद्दल सगळेच विचारतात. बारला लटकून पाठ मोकळी होते, दबलेला मणका थोडा सुटतो, तेवढंच. हाडांच्या टोकांची वाढ थांबली की उंची वाढत नाही. मुलांत हे साधारण अठराच्या आसपास होतं, मुलींत आणखी लवकर. 'तीन महिन्यांत दोन इंच' असं लिहिलेली पावडर विकत घेणाऱ्याचा फक्त खिसा हलका होतो.

यापेक्षा मोठं नुकसान चुकीच्या फॉर्मने होतं. एका ठिकाणी उंचीत उडालेला पोरगा 'माझं वर्दीचं संपलं' म्हणून गावी जातो. प्रत्येक दलाचं माप वेगळं आहे. महाराष्ट्र पोलीस शिपायाला १६५, पण राज्य राखीव दलाला १६८. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांच्या जीडी (जनरल ड्युटी) शिपाई भरतीत सर्वसाधारण पुरुषांना १७० आणि महिलांना १५७. आदिवासी उमेदवारांना तिथे १६२.५ आणि १५०. नौदलाच्या अग्निवीराला १५७ पुरतात, हवाई दलाच्या अग्निवीरवायूला १५२. म्हणजे १६० उंचीच्या पोराने पोलीस भरतीत चार वर्षं घालवण्याऐवजी गणित-विज्ञान पक्कं करून नौदलाचा किंवा हवाई दलाचा अभ्यास धरावा. कडू वाटतं, पण त्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

याच जीडी भरतीत गढवाली, कुमाऊँनी, डोग्रा यांच्या यादीत 'मराठा' हा शब्दही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. मराठा उमेदवाराला १७० ऐवजी १६५ उंची आणि ८० ऐवजी ७८ छाती चालते, मुलींना १५५. मात्र त्यासाठी जाहिरातीला जोडलेल्या ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तहसीलदार किंवा प्रांताच्या सहीचा. पोरं नुसता जातीचा दाखला नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जातात आणि मैदानावर १६७ उंचीला घरी पाठवली जातात. नमुन्याची प्रिंट काढून आधीच तहसीलमध्ये द्या. तिथल्या कारकुनानेही हा नमुना क्वचितच पाहिलेला असतो, त्यामुळे दोन-तीन हेलपाटे धरूनच चाला. माजी सैनिकांच्या मुलांचंही असंच. लष्करात त्यांना उंचीत २ सेंटिमीटर, छातीत १ सेंटिमीटर आणि वजनात २ किलो सूट आहे, पण वडिलांचं डिस्चार्ज बुक दाखवून ती मिळत नाही. रेकॉर्ड ऑफिसचं रिलेशनशिप सर्टिफिकेट लागतं आणि ते यायला वेळ लागतो.

छातीत फसण्याचा प्रकार गमतीशीर आहे. पोलीस भरतीला न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त लागते. लष्कराला ७७ आणि वर ५. पोरं जोर मारून मारून छाती ८८ करतात आणि फुगवून ९१ होते. फरक तीनच, म्हणजे नापास. काही जण पहिल्या मापालाच श्वास भरून उभे राहतात, मग दुसऱ्या वेळी फुगवायला काही उरतच नाही. पहिल्या मापाला श्वास सोडून, खांदे सैल टाकून उभं राहायचं. मोजणारे अनुभवी असतात, काही जण तर मुद्दाम नाव-गाव विचारतात, म्हणजे बोलताना श्वास आपोआप सुटतो. टेप मागे खांद्यांच्या पात्यांच्या खालच्या टोकाला आणि पुढे स्तनाग्रांवरून येते. पोटाने श्वास घेतला तर टेप हलत नाही, खांदे उचकले तर माप धरत नाहीत. बरगड्या बाजूला उघडल्या पाहिजेत. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून हात बाहेर ढकलले जातील असा श्वास घ्यायचा सराव दोन महिने करा.

वजनाला पोलीस शिपाई भरतीत वेगळा आकडा नाही. तिथे वजनाचा हिशेब १६०० मीटरलाच होतो. लष्करात वय आणि उंचीप्रमाणे तक्ता असतो, केंद्रीय दलांतही वजन उंची-वयाच्या प्रमाणात हवं. ढोबळ अंदाज हवा असेल तर मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून त्याला १८.५ आणि २५ ने गुणा. १६८ उंचीला साधारण ५२ ते ७० किलो येतं. या दोन टोकांच्या मधोमध असाल तर निवांत राहा.

काठावरचे मात्र आदल्या दिवशी उपद्व्याप करतात. वजन कमी असलेला डझनभर केळी आणि दोन लिटर पाणी पोटात ढकलून येतो. काट्यावर दोन किलो दिसतातही, पण तेच पोट घेऊन त्याच सकाळी पळायचं असेल तर पहिल्या राउंडलाच ओकारी. वजन जास्त असलेला दोन दिवस पाणी तोडतो, जुलाबाच्या गोळ्या घेतो आणि उन्हात भोवळ येऊन पडतो. यात जीवही जाऊ शकतो. आठवड्याला अर्धा किलो या हिशेबाने चालायचं, म्हणजे सहा किलोला तीन महिने. भाकरी बंद करायची गरज नाही, वडापाव, कोल्ड्रिंक आणि रात्रीचा दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात बंद केला तरी पुष्कळ फरक पडतो. जिममधल्या कुणी 'एक इंजेक्शन घे' म्हटलं तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका.

लबाडीचं एकच सांगतो. २०२२ मध्ये तेलंगणात महबूबनगरला एका तरुणीने उंचीसाठी केसांत मेण चिकटवलं होतं. यंत्राचा सेन्सर डोक्याला टेकलाच नाही, केस तपासले आणि ती तिथेच बाद झाली.

आणि माप चुकीचं घेतलं असं खरंच वाटलं तर मैदान सोडू नका. केंद्रीय दलांच्या भरतीत उंची-छातीचं अपील त्याच दिवशी, तिथल्याच अधिकाऱ्याकडे करावं लागतं. पोलीस भरतीतही वरिष्ठांकडे तिथल्या तिथे फेरमोजणी मागा. गेटबाहेर येऊन मित्राला फोन लावलात की विषय संपला.