ऐनाच्या खोडात किती कार्बन? टेप, काठी आणि मोबाइल घेऊन मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं बांधावरही सापडतात. सुरुवात मालकीच्या झाडापासून करा. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात मोजणीला वनखात्याची परवानगी लागते.

जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर घ्या. उतारावर ही उंची वरच्या अंगाने धरायची. सगळं गणित याच आकड्यावर उभं असतं आणि घोळही इथेच होतो: टेप तिरका जातो, वेल किंवा सुटलेली साल टेपखाली राहते. त्या उंचीवर गाठ असेल तर ती टाळून किंचित वर मोजा. खोड १.३७ मीटरच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो.

उंचीसाठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्या. हात सरळ करून ती उभी धरा आणि बुंधा व शेंडा काठीच्या दोन टोकांना जुळेपर्यंत मागे सरका. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे उंची. सपाट जागेतच हे जमतं.

आता लाकडाची घनता. ऐनाला साधारण ०.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, सावरीला जेमतेम ०.३३. ती सुक्या लाकडाचीच हवी. ओल्या ओंडक्याची धरली तर उत्तर फुगतं.

जमिनीवरचं सुकं वजन (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची) याचा ०.९७६ वा घात. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. घात मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढा. माड, बांबूला हे सूत्र लावू नका. पोकळ खोडालाही ते जास्त वजन दाखवतं.

उदाहरणार्थ, एका ऐनाचा घेर १२६ सेंमी म्हणजे व्यास ४०. उंची १५ मीटर. वजन सुमारे ८९५ किलो. मुळांचे २६ टक्के मिळवून ११२८. त्याचा ०.४७ भाग कार्बन: ५३० किलो. हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर ४४/१२ ने गुणा, १९४० किलोच्या आसपास. या दोन आकड्यांची गल्लत फार होते, म्हणून वहीत वेगळे रकाने करा.

हा झाला साठा. झाड दरवर्षी किती शोषतं ते एका मोजणीत कळत नाही. त्यासाठी टेप लावला त्या जागी रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि तीन-चार वर्षांनी तिथेच पुन्हा मोजा, तेही त्याच महिन्यात. पावसात खोड पाण्याने फुगतं. जुलैची मोजणी फेब्रुवारीच्या मोजणीशी ताडली तर नसलेली वाढ दिसेल.