बास्केटबॉल, टेनिसचा चेंडू आणि सुतळी

शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावली की रांगेतले प्रश्न ठरलेले. चंद्र किती लांब? अंतराळवीर तरंगतात कसे? शनी खरंच मागे लागतो का? मी विज्ञान शिकवते, त्यामुळे सुरुवातीला आकडेच सांगायचे. चंद्र 3,84,000 किलोमीटर! लोक "बापरे" म्हणून पुढे सरकायचे आणि आकडा तिथेच सांडायचा. आता दुर्बिणीसोबत मी बास्केटबॉल, टेनिसचा चेंडू आणि सुतळी नेते. तुम्हीही न्या.

सुतळीला 7 मीटर 20 सेंटीमीटरवर घरूनच गाठ मारून ठेवा. बास्केटबॉल ही पृथ्वी, टेनिसचा चेंडू हा चंद्र. दोघांच्या आकाराचं प्रमाण जवळजवळ बरोबर बसतं. विचारणाऱ्याच्या हातात चेंडू द्या आणि म्हणा, "चंद्र कुठे असेल, तिथे धरा." बहुतेक जण हातभर अंतरावर धरतात, कारण चित्रांत तो तसाच पृथ्वीला खेटून काढलेला असतो. चुकलं म्हणू नका. सुतळीचं टोक हातात देऊन गाठीपर्यंत चालायला लावा. एकदा सातवीतली एक मुलगी अशी चालत झेंड्याच्या कट्ट्यापाशी पोचली. तिथून वळून बास्केटबॉलकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या लांब माणसं गेली होती?" हा प्रश्न आकडा सांगून कधीच आला नसता.

"मग त्यांचा झेंडा दिसेल का?" हे लगेच येतं. नाही. हबल दुर्बिणीलासुद्धा चंद्रावरची शंभरेक मीटरपेक्षा लहान वस्तू नीट दिसत नाही. एवढंच सांगा आणि विवरं दाखवा.

तरंगण्याच्या प्रश्नालाही बास्केटबॉलच पुरतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या मापात चेंडूपासून पाऊण सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. करंगळी चेंडूवर आडवी ठेवून दाखवा आणि विचारा, एवढ्यात पृथ्वीची ओढ संपेल का? तिथे ती जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. स्थानक सतत पडतच असतं, पण ताशी 28,000 किलोमीटर वेगाने आडवं धावत असल्याने जमीन तेवढीच खाली वळत जाते. आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात, म्हणून तरंगतात.

शनीच्या प्रश्नाला मात्र वेळ द्या. विचारणारी बहुधा एखादी आजी असते आणि तिच्या घरात खरंच काहीतरी बिनसलेलं असतं. हसू नका, हे मी मुलांनाही आधीच बजावते. "आजी, साडेसात आले कुठून, सांगू?" असं म्हणून हिशोब मांडा: शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. इथवर आकाशाचा हिशोब आहे. पुढे स्पष्ट सांगा, की आपल्या मापात शनी जवळ आला तरी चोवीस-पंचवीस किलोमीटरवर असतो आणि तो कुणाचं वाईट करत नाही. मग त्यांना स्टुलावर बसवा, भिंग त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणा, चष्मा असू द्या. पंचवीसपट मोठं दाखवणारी दुर्बीणही कडं दाखवते. एका आजींनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "किती देखणा आहे गं."

सूर्य याच मापात 26 मीटर रुंद आणि पावणेतीन किलोमीटरवर येतो. माझ्या शाळेपासून तो एस.टी. स्टँडच्या पलीकडे पडतो. तुमच्या गावातली जागा आधी शोधून ठेवा.

शेवटी कुणीतरी ताऱ्यांचं विचारतंच. तेव्हा सुतळी गुंडाळा. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा ताराही या मापात साडेसात लाख किलोमीटरवर जातो, म्हणजे डोक्यावरच्या खऱ्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट लांब. चेंडू त्यांच्याच हातात असू द्या, चंद्राकडे बोट दाखवा, आणि थोडा वेळ काही बोलू नका.