तापणारा प्रोसेसर बदलावा की ठेवावा?

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर फार तापतो म्हणून नवा घ्यावा का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. प्रोसेसर तापतो हा एक प्रश्न, आणि तो आपल्या कामाला पुरत नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा कूलर, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा उष्णतावाहक लेप), धूळ आणि कॅबिनेटमधली हवा यांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र खरोखरच नव्या प्रोसेसरमध्ये असू शकते. ही गाठ न सोडवता पैसे खर्च केले, तर नवा प्रोसेसर त्याच धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये जाऊन तितकाच तापतो. येथे एक खुलासा करतो. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात, आणि विदर्भात ‘कूलर’ म्हटले की खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो. या लेखात प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर बसलेली चौकोनी चिप, आणि कूलर म्हणजे तिच्यावर दाबून बसवलेला हीटसिंक (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) व त्याचा पंखा.

माझ्या नागपूरच्या घरी २०२० मध्ये घेतलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर होता, सोबत खोक्यातूनच आलेला लहान कूलर आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड. काम मुख्यतः व्हिडिओ संपादनाचे. चौथ्या उन्हाळ्यात एक्स्पोर्ट (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल काढणे) लावला की पंखा किंचाळू लागे आणि संगणक मध्येच मंदावे. एका दुकानात नेला, तर तिथे कॅबिनेट न उघडताच प्रोसेसर बदलण्याचा सल्ला मिळाला. तो सल्ला मी तेव्हा मानला नाही, याचे समाधान आजही वाटते.

सुरुवात मोजमापाने करावी. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरचे तापमान, प्रत्येक कोअरचा (चिपमधल्या स्वतंत्र गणन-केंद्राचा) वेग आणि लागणारी वीज दाखवते. ते चालू ठेवून प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावावी आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांतले आकडे टिपावेत. त्याच कागदावर खोलीचे तापमानही लिहावे. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि इथेच निदान चुकते. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जितकी अंशांनी तापेल, जवळपास तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर चढतो. माझ्याकडे जानेवारीत खोली २३ अंश असताना चाचणीत ७८ अंश दिसत, आणि मे महिन्यात खोली ३९ अंशांवर गेल्यावर ९४. दोन्ही वेळा फरक ५५ अंशांचाच होता. म्हणजे उन्हाळ्यात प्रोसेसर बिघडला नव्हता. त्याचा कूलर हिवाळ्यातही अपुराच पडत होता, फक्त ते तेव्हा जाणवत नव्हते.

आता या आकड्यांचा अर्थ लावावा. रायझन ५ ३६०० साठी एएमडीने दिलेली कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, रायझन ७ ५८००एक्ससाठी ९० अंश, आणि इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी १०० अंश. मर्यादा गाठली की चिप स्वतःचा वेग कमी करते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याहीपलीकडे गेले तर संगणक बंद पडतो. त्यामुळे जड कामात ८० किंवा ८५ अंश दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खरी खूण वेगात असते. ३६०० चा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल ४.२ गिगाहर्ट्झ आहे. सर्व कोअर कामाला लागलेले असताना तो ३.९ ते ४.१ च्या आसपास टिकत असेल, तर तापमान कितीही दिसो, काम बुडत नाही. तो ३.६ च्या खाली घसरत असेल, तर उष्णता आपला वेळ खात आहे. याउलट काही काम चालू नसताना, गार खोलीत, तापमान सतत ६५-७० अंशांवर अडकलेले असेल, तर कूलर नीट टेकलेला नाही, पंखा बंद आहे किंवा लिक्विड कूलरचा (चिपची उष्णता द्रवामार्फत वाहून नेणाऱ्या कूलरचा) पंप निकामी झाला आहे, असा संशय घ्यावा. इंटेलच्या जुन्या कूलरांना प्लॅस्टिकच्या चार खिट्ट्या असतात. त्यांतली एक जरी सुटली, तरी असे होते. रिकाम्या वेळी आकडा क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारून खाली येणे मात्र रायझनमध्ये नेहमीचेच आहे.

यानंतर कॅबिनेट उघडावे. मी झाकण काढले तेव्हा पंखा वरून बराच स्वच्छ दिसत होता. पंख्याचे स्क्रू सोडवून तो उचलला, तर खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर करड्या धुळीचा, नमदाच अंथरावा तसा सलग थर बसलेला होता. चिमटीत धरून तो एका तुकड्यात निघाला. हवा पंख्यापर्यंत येत होती, पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हती. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती नको तितक्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते. पाण्याच्या कूलरच्या झोतात संगणक ठेवणाऱ्यांकडे हीच धूळ ओलसर होऊन चिकटते, आणि मग ब्लोअरने भागत नाही, मऊ ब्रश घ्यावा लागतो. संगणकाची जागा बदलणे हा त्यावरचा खरा उपाय.

पेस्ट बदलायची असेल तर एक काळजी फार महत्त्वाची आहे. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझनला पिना प्रोसेसरच्याच खाली असतात. पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर कुलूप लावलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पाच-दहा मिनिटे जड काम लावून प्रोसेसर गरम करावा, मग संगणक बंद करून वीज काढावी, आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल झाल्यावरच उचलावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लावावी. एवढ्याने माझ्याकडे ३९ अंशांच्या खोलीत ९४ चे ८६ झाले. पुढे उभा टॉवर कूलर बसवला, तेव्हा ते ७४ वर आले आणि पंख्याचा आवाज जवळपास नाहीसा झाला. टॉवर कूलर घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी मोजावी. हे कूलर साधारण १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि लहान कॅबिनेटचे झाकण त्यावर बसत नाही.

ज्यांना काहीच खर्च करायचा नाही, त्यांनी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) विजेची मर्यादा कमी करून पाहावी. १०५ वॅटच्या रायझनला सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. इको मोडमध्ये ६५ वॅटचा पर्याय निवडला की ती ८८ वॅटवर येते. वेग त्या प्रमाणात मुळीच घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वांत जास्त वीज जळते. आपल्या उन्हाळ्यात याला आणखी एक अर्थ आहे. प्रोसेसर घेतो ती सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच येते. उत्तम कूलर ती चिपपासून दूर नेतो, खोलीतून बाहेर नेत नाही.

एवढे करून तापमान आवाक्यात आले, की मग दुसरा प्रश्न स्वच्छपणे विचारता येतो: हा प्रोसेसर माझ्या कामाला पुरतो का? नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निम्म्यावर असेल, तर नव्या प्रोसेसरने फारसा फरक पडणार नाही. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी. विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी घ्यावी. माझ्याकडे १६ जीबी रॅम काठोकाठ भरत होती, ती ३२ केली आणि त्याच प्रोसेसरवर पुढची दीड वर्षे काम निभावले. प्रोसेसर बदलला तो नंतर, फोर-केचे लांब एक्स्पोर्ट रोजचे झाले आणि सर्व कोअर तासन् तास १०० टक्क्यांवर राहू लागले तेव्हा.

बदलायचाच ठरला, तर आधी त्याच सॉकेटमध्ये काय बसते ते पाहावे. बी४५० च्या बहुतेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिका चालते. बायोसचे हे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे. मी रायझन ७ ५७००एक्स निवडला, कारण तो आठ कोअरचा असूनही ३६०० सारखाच ६५ वॅटचा आहे. त्याच्या खोक्यात कूलर येत नाही, पण माझा टॉवर कूलर होताच. ५८००एक्सही आठच कोअरचा, परंतु १०५ वॅटचा; उष्णतेला कंटाळून बदल करणाऱ्याने तो टाळावा, निदान इको मोडमध्ये वापरावा. नव्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे थंड प्रोसेसर, ही समजूत चुकीची आहे. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांवर चालावेत अशीच एएमडीची रचना आहे, शिवाय त्यांना नवा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. इंटेलचा कोअर आय९-१३९००के २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता आणि कंपनीने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या अंतर्गत सूचनांची सुधारणा) देऊन वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र यांपैकी एखादा जुना प्रोसेसर घेताना बिल आणि वॉरंटीची खात्री करावी.

ज्यांच्याकडे इंटेलची सातवी किंवा त्याआधीची पिढी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला सामान्यतः आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचे प्रोसेसर लागतात. अशा यंत्राला नवा कूलर घेण्यात अर्थ नाही. साफसफाई करून, पेस्ट बदलून ते चालेल तितके चालवावे आणि पैसे पूर्ण नव्या संचासाठी राखून ठेवावेत.

नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच दिवशी तीच दहा मिनिटांची चाचणी, खोलीचे तापमान लिहून, पुन्हा करावी. खोली आणि प्रोसेसर यांतला फरक अपेक्षेपेक्षा फार मोठा आला, तर कूलर पुन्हा उघडून पेस्ट सगळीकडे पसरली आहे का आणि हीटसिंकच्या तळाचे पारदर्शक संरक्षक प्लॅस्टिक काढायचे राहिले आहे का, ते पाहावे. खोके आणि बिल ही चाचणी मनासारखी होईपर्यंत जपून ठेवावे.