पूर ओसरला, झाडू थांबवा: दुकानातल्या मालाचा विमा दावा

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. पाणी उतरलं की चिखल उपसायची घाई होते आणि दावा तिथेच अडतो. उकिरड्यावर गेलेला माल दुकानात होता हे मग सिद्ध करणं अवघड.

आधी मेन स्विच बंद करा. मग दुकानाच्या पाटीपासून मांडणीगणिक व्हिडिओ काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून फोटो घ्या. भिजलेला संगणक सुरू करू नका, हिशेबाची डिस्क काढून जाणकाराकडे द्या. त्याच दिवशी विमा कंपनीला ई-मेल करून दावा क्रमांक मागा, नुसत्या फोनवर भागत नाही. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, वेगळा येतो.

तो येईपर्यंत कोरडा, भिजूनही विकता येईल असा आणि टाकाऊ, असे तीन ढीग करा. यादीत नग, खरेदी दर, बिल क्रमांक लिहा. भिजलेली औषधं आणि खाद्यपदार्थ विकायचे नाहीतच. कुजू लागले तर कंपनीला लेखी कळवून, फोटो काढून नष्ट करा. भिजलेल्या कापडाची मिळू शकणारी किंमत दाव्यातून वजा होते, म्हणून सरसकट 'टाकाऊ' लिहू नका. सर्व्हेअरला ते लगेच दिसतं.

सगळ्यात मोठी कात्री कमी विम्याची. माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा म्हणजे ६० टक्केच, नुकसान ५ लाखांचं, तर हाती त्याचे ६० टक्के, ३ लाखच. छोट्या व्यवसायांसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, इथे ती ४० टक्के आहे. गणपतीचा माल जुलै-ऑगस्टात भरला जातो, नेमका पुराच्या दिवसांत. विम्याची रक्कम त्या महिन्याच्या साठ्यावर ठरवा. सीसी (कॅश क्रेडिट) कर्जासाठी बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे साठ्याचं विवरणही सर्व्हेअर मागतो. तिथे साठा फुगवला असेल तर तूट आणखी मोठी दिसते आणि कागदांचा मेळ बसत नाही. गोदामाचा पत्ता पॉलिसीत नसेल तर तिथला माल धरतच नाहीत.

नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावं लागतं. विम्याची रक्कम करासह ठरवली असेल तर हा आकडा दाव्यात मांडा. दुकान बंद राहिलेल्या दिवसांचा बुडालेला नफा मात्र साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.