टायगर रणगाड्याचं १/३५ किट : या चुका टाळा

टायगर-१ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं) प्लॅस्टिकचं मॉडेल गोंदामुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडतं जोडणीच्या क्रमामुळे.

दोन काळांची सरमिसळ

बऱ्याच किटांत सुरुवातीचे आणि नंतरचे असे दोन्ही भाग येतात, आणि 'छान दिसतंय' म्हणून काहीही चिकटवलं जातं. १९४३ च्या मध्यापर्यंत तोफेच्या बुरुजावरचा कमांडरचा टेहळणीचा घुमट उंच, डब्यासारखा होता. पुढे पेरिस्कोपवाला बुटका घुमट आला. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिलेला झिमरिटचा रेघारेघांचा लेप १९४३ च्या उन्हाळ्याअखेर सुरू झाला, तर पोलादी धावेची चाकं १९४४ च्या सुरुवातीला. म्हणजे पोलादी चाकं लावून अंग गुळगुळीत ठेवलंत तर तसा टायगर कारखान्यातून बाहेर पडलाच नव्हता. आधी खऱ्या टायगरचा एक फोटो निवडा, मगच कात्री घ्या. झिमरिट पुट्टीने करणार असाल तर फावडी, दोरखंड वगैरे चिकटवण्याआधी करा.

आस वाकडे

प्रत्येक बाजूला आठ आस असतात. एका बाजूचे चाकं धरणारे हात पुढे झुकलेले, दुसऱ्या बाजूचे मागे. ही किटची चूक समजून काही जण ते उलटे बसवतात. खऱ्या रणगाड्यातही टॉर्शन बारना (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या आडव्या दांड्यांना) जागा मिळावी म्हणून तसंच होतं. गोंद ओला असतानाच आसांच्या टोकांवर स्टीलची पट्टी टेकवा, सगळी टोकं एका रेषेत आणा आणि रात्रभर हलवू नका. एक जरी हात वर राहिला तरी ते चाक पट्ट्यावर न टेकता अधांतरी दिसतं.

चाकं आधी चिकटवणं

सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथे होतो. रबरी धावेच्या टायगरला प्रत्येक बाजूला २४ चाकं, एकमेकांत गुंतलेली. सगळी बसली की आतल्या थरापर्यंत ब्रश पोहोचत नाही. चाकं कोरडीच बसवून पाहा, काढा आणि प्रत्येक थर वेगळा रंगवा. आधी काळसर करडा रंग, मग धाव झाकणारी, मधे भोक असलेली गोल चकती ठेवून गडद पिवळा. हाताने धाव रंगवायला गेलात तर कडा थरथरतात.

ताणलेला पट्टा

टायगरला पट्टा वर उचलून धरणारे रोलर नाहीत. पट्टा चाकांवरच विसावतो. ताठ पट्टा पाहताक्षणी खोटा वाटतो. दर बाजूला ९६ कड्या लागतात. त्या चिकटपट्टीवर ओळीने ठेवून संथ सुकणाऱ्या गोंदाने जोडा आणि अर्ध्या तासाने, अजून लवचिक असताना, गुंडाळा. झोळ राहण्यासाठी वर फोमचे तुकडे दाबून ठेवा. पुढचं दातेरी चाक चिकटवू नका, नुसतं दाबून बसवा; मग रंगासाठी पट्टा त्याच्यासकट काढता येतो.

पितळी बारीक भागांना प्लॅस्टिकचा गोंद धरत नाही, सुपरग्लूच हवा.

वॉश आणि तडे

इनॅमल वॉश (खाचा उठून दिसण्यासाठीचा पातळ गडद रंग) थेट मॅट रंगावर ओतला की डाग पडतात, आणि पातळ द्रव सांध्यात साचला तर ताणाखाली असलेलं प्लॅस्टिक चक्क तडकतं. आस आणि हात याला आधी बळी पडतात. आधी ग्लॉसचा थर द्या, तो पूर्ण सुकू द्या, मग बारीक ब्रशने फक्त खाचांत वॉश सोडा. स्टिकरही याच ग्लॉसवर लावा. मॅटवर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी चमक येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारलात तर दमटपणामुळे त्यावर पांढुरकं धुकं धरतं, त्यामुळे शेवटचा मॅट थर कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.